सुई टोचली, पण सांगायचं कुणाला?

बुलढाणा जिल्ह्यात कुणाच्या मनाच्या आजाराचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला: "सैलानीला नेलं होतं का?" होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर लोटणाऱ्या गर्दीत असे रुग्ण आणि त्यांची दमलेली माणसं दरवर्षी दिसतात. याच जिल्ह्यातली मुलगी मानसोपचार नर्सिंग करते म्हणाली, की घरचे विचारतात, "त्यांच्यात राहून तुलाच काही झालं तर?"

काही होत नाही. स्किझोफ्रेनिया कुणाच्या शिंकेतून येत नाही. खरूज मात्र अंगाला अंग लागून येते. पहिल्यांदा लागण झाली, की खाज सुटायला 2 ते 6 आठवडे जातात. तोवर ती रुग्णाकडून आयाबाईपर्यंत पोचलेली असते. म्हणून मलम एकट्या रुग्णाला लावून भागत नाही; संपर्कातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं.

"मनाची नर्स, तिला जंतूंचं काय कळणार?" हा समज तर दवाखान्यातही ऐकू येतो. इतर वॉर्डांत हात चोळायच्या स्पिरिटची बाटली भिंतीला टांगलेली असते. मनोरुग्णांच्या वॉर्डात ती कुणी पिऊन टाकेल, ही भीती खरी असते. म्हणून इथली सिस्टर छोटी बाटली खिशात बाळगते. संसर्ग नियंत्रणाचा नियम माणूस बघून वाकवावा लागतो, आणि माणूस बघणं हेच तर ती शिकलेली असते.

याच कारणाने कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या कामात ती शोभते, असं मला वाटतं. सुई टोचल्याचं बरेच जण लपवतात. कुणाला बोलणी खायची नसतात, कुणाला एचआयव्हीचा शब्दच नको असतो. कुणी बोट पिळून रक्त काढतं, कुणी तोंडात धरतं. दोन्ही चूक. जखम साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. रुग्णाला एचआयव्ही असेल, तरी अशा टोचण्यातून लागण होण्याची शक्यता हजारात 3 च्या आसपास असते. प्रतिबंधक गोळ्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू करायच्या आणि 28 दिवस घ्यायच्या. खरा धोका हिपॅटायटिस बी चा: लस न घेतलेल्यांत तो शंभरात 30 पर्यंत जाऊ शकतो.

आता रात्री तीन वाजता घाबरलेली नवी सिस्टर समोर उभी आहे. "सुई उघडी कशी ठेवलीस?" असं विचारलं, तर पुढच्या वेळी ती येणारच नाही. "अगं, बस आधी. किती वाजता टोचली?" असं विचारलं, तर 72 तासांतला एकही वाया जात नाही. तिची तपासणी गुप्त राहायला हवी. एचआयव्हीची माहिती जपण्याचं बंधन तर 2017 च्या कायद्यानेच घातलं आहे.

"त्यात पुढे काही नाही" हेही खरं नाही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर मानसोपचार नर्सिंगची एक वर्षाची पदविका आहे. बीएस्सीनंतर अनुभव घेऊन दोन वर्षांची एमएस्सीही करता येते. संसर्ग नियंत्रणाचं काम अनुभवी सिस्टरकडे प्रशिक्षणानंतर येतं.

रोजचं काम मात्र बरंच साधं असतं. हिपॅटायटिस बी च्या लसीच्या रजिस्टरमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या डोसपुढे सह्या, तिसऱ्यापुढे कोरी जागा. विचारलं, की उत्तर येतं, "त्या दिवशी नाइट होती हो, ताई." मग ताई लस घेऊन वॉर्डातच जाते.