‘मार्नग्रूक’ : नाव आणि दावा

ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलची चर्चा करणारा ‘मार्नग्रूक फुटी शो’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर २००७ ते २०१९ या काळात चालला. त्यातील वक्ते प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील आदिवासी होते. ‘मार्नग्रूक’ हा शब्द पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी भाषांतील असून तो तेथील चेंडूच्या एका जुन्या खेळाचा वाचक आहे. मेलबर्न येथे १८५९ मध्ये फुटबॉलचे नियम रचणाऱ्यांपैकी टॉम विल्स याचे बालपण त्याच प्रदेशात गेले. त्यावरून काही अभ्यासक दोन खेळांचा संबंध जोडतात. समकालीन लेखी पुराव्याच्या अभावी इतर तो नाकारतात. तो संबंध मान्य झाल्यास आदिवासी या खेळाचे सहनिर्माते ठरतात. कार्यक्रमाच्या नावात हाच दावा गर्भित आहे. अशा विशेषनामाचा अर्थ लावताना व्युत्पत्तीबरोबरच ते कोणी योजिले, हेही पाहावे लागते.