जावक ईमेलच्या वाटेवरचा पहारा

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी-भोसरीच्या माळावर जी कारखानदारी फोफावली आणि पुढे चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी यांच्या शिवारांत जाऊन पोचली, तिचा भार नामांकित मोटार कंपन्यांइतकाच त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपनीही वाहिला आहे. या वर्कशॉपमधून माल निघतो तेव्हा त्याच्याबरोबर, किंबहुना त्याच्या आधी, कागद निघावे लागतात: बिल, चलन, मापांचा तपासणी अहवाल, प्रसंगी सुधारलेले ड्रॉइंग, आणि हे दप्तर आज बहुतांशी ईमेलने रवाना होते. पार्ट वेळेत तयार झाले, टेम्पो भरला, परंतु अहवालाचा ईमेल ‘आउटबॉक्स’मध्येच अडकला, तर गाडी कंपनीच्या गेटवर खोळंबते आणि विलंबाचा ठपका पुरवठादाराच्या नावावर पडतो.

अशा वेळी पडद्यावर ‘सर्व्हरने मुदतीत उत्तर दिले नाही’ अशा अर्थाची सूचना उमटते, आणि साहजिकच संशय इंटरनेटच्या जोडणीवर किंवा ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीवर जातो. परंतु अडथळा कधीकधी त्याच संगणकात, त्याच्याच रक्षणार्थ बसविलेल्या अँटिव्हायरसच्या ईमेल-तपासणीत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ईमेल पाठविणे हे दोन यंत्रांमधील शिस्तबद्ध संभाषण होय, आणि त्याचे जे नियम जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले ते मूलतः आजही पाळले जातात. आपला ईमेल प्रोग्राम प्रथम सर्व्हरला आपली ओळख देतो, मग पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता कळवितो, आणि प्रत्येक वेळी सर्व्हर ‘२५०’ हा संमतीचा आकडा परत धाडतो. त्यानंतर मजकूर व जोडलेल्या फाइली ओळीमागून ओळ रवाना होतात, आणि केवळ एक टिंब असलेली अखेरची ओळ हाती येताच सर्व्हर सारा ऐवज ताब्यात घेऊन पुन्हा ‘२५०’ कळवितो. ही शेवटची पोच मिळेपर्यंत पाठविणाऱ्याच्या लेखी पत्र गेलेलेच नसते.

ईमेल तपासणारा अँटिव्हायरस नेमका या संभाषणाच्या मध्ये उभा राहतो. १ एप्रिल २०१३ रोजी जकात रद्द होईपर्यंत पिंपरी-चिंचवडच्या हद्दीवरील नाक्यावर मालाचा ट्रक जसा थांबवून पाहिला जाई, तसा येथे प्रत्येक जावक ईमेल अडवून, उलगडून, तपासून मगच पुढे सोडला जातो. त्यातच जोडलेली फाइल ईमेलमधून जाण्यासाठी अक्षरांत बदलताना सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणजे १५ एमबीचे ड्रॉइंग २० एमबीचे होते. नियमांच्या १९८९ सालच्या पुरवणीत अखेरच्या पोचेसाठी १० मिनिटे वाट पाहावी असे सुचविले असले, तरी जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये ही मुदत, आपण होऊन वाढविली नाही तर, १ मिनिटाची असते. तपासणी आणि पुढची रवानगी तेवढ्यात आटोपली नाही, तर आउटलुक धीर सोडतो.

याहून अवघड प्रसंग असा की पत्र सर्व्हरपर्यंत खरोखर पोचते, परंतु पोच परत येण्यापूर्वीच मुदत संपते. मग प्रोग्राम तेच पत्र पुन्हा पाठवितो आणि ग्राहकाच्या अकाउंट्स विभागात एकच बिल दोनदा, तीनदा दाखल होते. पोच हरवल्याने पत्रे दुणावण्याचा हा धोका क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ सालीच लिहून ठेवला होता. शिवाय आता ईमेल सांकेतिक आवरणातून जातो, तेव्हा त्याच्या आत पाहण्यासाठी अँटिव्हायरस सर्व्हरच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतो. ईमेल प्रोग्रामला ते विश्वासार्ह वाटले नाही, तर जोडणीच नाकारली जाते.

हा पहारा निष्कारण बसविला गेला नव्हता. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या दस्तऐवजातून शिरून आउटलुकमधील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडू लागला, आणि मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ने जगभरच्या कचेऱ्यांतील ईमेल ठप्प केले, त्या काळात जावक ईमेलवर नजर ठेवणे हे शेजाऱ्याप्रति कर्तव्यच होते. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभारलेली ‘क्विक हील’ ही कंपनी त्याच भयाच्या दशकात आकारास आली. परंतु आज फाइल डिस्कवर उतरताना किंवा उघडताना अँटिव्हायरस ती तपासतोच, आणि मोठ्या ईमेल सेवाही आपल्या सर्व्हरवर जोडलेल्या फाइलींची छाननी करतात. म्हणून आपल्याच संगणकातून निघणाऱ्या पत्राची वाटेत आणखी एक झडती घेतल्याने संरक्षणात पडणारी भर अल्प असते.

तेव्हा ईमेल अडकला असता पुनःपुन्हा ‘सेंड’ दाबू नये. आधी ‘सेंट’ फोल्डर पाहावा आणि ग्राहकाला फोन करून पत्र मिळाले का याची खात्री करून घ्यावी. मग अँटिव्हायरसमधील केवळ ईमेल-तपासणी तात्पुरती बंद करून चाचणीचे पत्र धाडावे. ते गेले, तर दोष सापडला. फाइलींवरचे संरक्षण मात्र कदापि बंद करू नये, आणि रागाच्या भरात अँटिव्हायरस काढून टाकणे हा तर आत्मघातच होय. पाठविण्याचे पोर्ट ५८७ किंवा ४६५ असल्याची व सांकेतिक आवरण चालू असल्याची खातरजमा करावी, मुदत वाढवावी, जड ड्रॉइंगऐवजी त्याची लिंक पाठवावी. आणि अँटिव्हायरसचा कारभार मुख्य कचेरीतून चालत असेल, तर तेथील आयटी विभागाकडे रीतसर सवलत मागावी.

माझी तक्रार तपासणीविषयी नाही, तिच्या मौनाविषयी आहे. नाक्यावरचा कारकून निदान पावती फाडीत असे, आणि गाडी कोठे, किती वेळ थांबली हे मालकाला कळत असे. येथे अडविणारा एक आणि दोष दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार घडतो. ज्याला दुसऱ्याचा व्यवहार थांबविण्याचा अधिकार दिला जातो, त्याने ‘मी थांबविले, अमुक कारणासाठी’ एवढे सांगणे ही कारभाराची प्राथमिक सचोटी आहे. ती सूचना मराठीत, सरळ वाक्यात, डिस्पॅच पाहणाऱ्या माणसाला समजेल अशी पडद्यावर यावी, ही मागणी प्रत्येक वर्कशॉपने आपल्या अँटिव्हायरस विक्रेत्याकडे नूतनीकरणाचे पैसे देण्यापूर्वी करावी. कारण सुरक्षेची किंमत जो मोजतो, त्याला तिच्याकडून जाब मागण्याचाही हक्क आहे.