पगार मोजणारे मंडळ

अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला एक मनुष्यबळ विकास मंडळ नेमावेच लागते. प्रौढांचे प्रशिक्षण, कामावरून कमी केलेल्यांना पुन्हा उभे करणे आणि शाळेबाहेर पडलेल्या तरुणांना कामाला लावणे यासाठी केंद्राकडून राज्यांना दरवर्षी सुमारे तीन अब्ज डॉलर मिळतात, त्या पैशाची ती अटच आहे. २२ जुलै २०१४ रोजी बराक ओबामा यांनी सही केलेल्या 'वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट' या कायद्यावर आज या मंडळांचा कारभार चालतो. त्याआधी १९९८ चा कायदा होता, त्याआधी १९८२ चा, १९७३ चा आणि १९६२ चा. दर दहा-पंधरा वर्षांनी जुना कायदा मोडीत काढून नवा आणायची वेळ यावी, याचा अर्थ उघड आहे. पैसा खर्च होत होता, वर्ग भरत होते, पण त्यातून माणसांच्या हाताला काम किती लागले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. या सगळ्या खटपटीतून एक गोष्ट हळूहळू ठरत गेली, आणि महाराष्ट्राने ती मनावर घेण्यासारखी आहे. कौशल्य मंडळ कामाचे की नावापुरते, हे त्यात कोणाला बसवले आहे यावरून थोडेफार कळते. ते काय मोजते, यावरून पुरते कळते.

आधी कोणाला बसवतात ते पाहू. निवडून आलेले गव्हर्नर स्वतः मंडळाचे सदस्य असतात, विधिमंडळाच्या प्रत्येक सभागृहातून एक सदस्य येतो आणि बाकीचे गव्हर्नर नेमतात. त्यात उद्योग-व्यापारातल्या लोकांचे बहुमत हवे आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच हवा. किमान २० टक्के जागा कामगारांच्या बाजूच्या. त्यांत कामगार संघटनांचे प्रतिनिधी आणि शिकाऊ उमेदवारी योजना चालवणाऱ्यांपैकी एक जण असावाच लागतो. उरलेल्या जागांवर संबंधित खात्यांचे प्रमुख, महापौर आणि काउंटीचे निवडून आलेले पदाधिकारी येतात. उद्योगाला बहुमत देण्यामागचा विचार सरळ आहे: नोकरी देणारा टेबलाशी नसेल, तर ज्याला बाजारात विचारणा नाही तोच अभ्यासक्रम सरकारी खाते वर्षानुवर्षे चालवत राहते. वॉशिंग्टन राज्याने मात्र १९९१ च्या आपल्या कायद्यात वेगळी मांडणी केली होती. मतदान करणारे सदस्य नऊ. तीन उद्योगांचे, तीन कामगारांचे आणि तीन शिक्षण व रोजगार खात्यांचे. अध्यक्षाला मत नाही. त्यामुळे कोणताही ठराव मंजूर व्हायचा, तर दोन बाजूंना एकमेकींशी जुळवून घ्यावेच लागते. आधीपासून चालत आलेल्या अशा रचनांना नव्या कायद्याने हात लावला नाही. माझ्या मते वॉशिंग्टनची रचना जास्त टिकाऊ आहे, कारण तिथे मालकांच्या गरजेपुढे कामगाराची गरज मुळातच दुय्यम धरलेली नाही.

मंडळाचे सगळ्यात मोठे काम म्हणजे राज्याचा चार वर्षांचा आराखडा. दोन वर्षांनी त्याची फेरतपासणी होते. या आराखड्यात सहा योजना एकत्र गुंफाव्या लागतात: प्रौढांची, नोकरी गेलेल्यांची, तरुणांची, प्रौढ साक्षरतेची, १९३३ पासून चालत आलेल्या सरकारी रोजगार कार्यालयांची आणि अपंगांच्या पुनर्वसनाची. वेगवेगळ्या खात्यांच्या या योजना एका ओळीत आणायच्या, म्हणजे खात्यांची ओढाताण आलीच. बैठका खुल्या असतात. सदस्यांची नावे, आराखडा आणि इतिवृत्त लोकांना पाहायला उपलब्ध ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आणखी एक नियम फार मोलाचा आहे. समजा, एखाद्या कम्युनिटी कॉलेजच्या प्रमुख मंडळाच्या सदस्य आहेत आणि त्यांच्या कॉलेजातल्या वेल्डिंगच्या वर्गाला पैसे देण्याचा विषय निघाला. त्या विषयावर त्यांना मत देता येत नाही. आपण किंवा आपली संस्था जी सेवा पुरवते, किंवा ज्यातून स्वतःला वा जवळच्या कुटुंबीयांना थेट आर्थिक लाभ होतो, अशा कोणत्याही बाबतीत सदस्याने मतदानातून बाजूला राहायचे असते. हितसंबंध असलेली माणसे मंडळात नकोतच, असे कायदा म्हणत नाही. तसे केले तर विषयातले जाणकारच उरणार नाहीत. तो फक्त त्या एका मताची वाट अडवतो.

आता पैशाकडे वळू. मंडळ दरवर्षी बसून तीन अब्जांतला आपला वाटा हवा तसा वाटते, अशी समजूत होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात बहुतेक रक्कम सूत्राने ठरते. प्रौढांच्या योजनेत राज्याचा वाटा तीन समान भागांत काढतात: जास्त बेरोजगारी असलेल्या भागांचे प्रमाण, विशिष्ट मर्यादेच्या वरची बेरोजगारी आणि गरीब प्रौढांची संख्या. राज्यात आलेल्या रकमेतून गव्हर्नरला राज्यव्यापी कामांसाठी १५ टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. नोकरी गेलेल्यांच्या निधीतून आणखी २५ टक्क्यांपर्यंत रक्कम, कारखाना बंद पडल्यावर तातडीने धावून जाण्यासाठी बाजूला काढता येते. उरलेले सगळे स्थानिक मंडळांकडे जाते. टेक्सासमध्ये अशी २८ स्थानिक मंडळे आहेत, वॉशिंग्टनमध्ये १२. म्हणजे राज्य मंडळाच्या हातात मोकळा पैसा थोडाच. त्याची खरी ताकद दोन ठिकाणी आहे: सरकारी पैशावर शिकवायला कोणत्या संस्था पात्र, त्या यादीचे निकष, आणि यश कशाला म्हणायचे, त्याची मोजपट्टी.

ही मोजपट्टी जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. कायद्याने सहा निर्देशक ठरवले आहेत. माणूस योजनेतून बाहेर पडल्यावर दुसऱ्या तिमाहीत कामावर आहे का, चौथ्या तिमाहीतही आहे का, दुसऱ्या तिमाहीतली कमाई किती, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळाले का, शिकताना मोजता येण्यासारखी प्रगती झाली का आणि कंपन्यांना या सेवेचा उपयोग झाला का. कमाईसाठी सरासरी घेत नाहीत, मध्यक घेतात, म्हणजे सगळ्यांना कमाईच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्या माणसाची कमाई. चार-दोघांना गलेलठ्ठ पगार लागले म्हणून पन्नास जणांची तुटपुंजी कमाई त्यात झाकली जात नाही. आणि हे आकडे प्रशिक्षण संस्थेच्या तोंडी दाव्यावर अवलंबून नसतात. बेरोजगारी विम्यासाठी जवळजवळ प्रत्येक मालकाला दर तिमाहीला आपल्या प्रत्येक कामगाराचा पगार राज्याला कळवावा लागतो. प्रशिक्षणार्थ्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक त्या नोंदीशी जुळवला, की तो कामावर आहे का आणि किती मिळवतो, हे कळते. शेजारच्या राज्यात काम लागले असेल, तर राज्यांनी आपसांत पगाराच्या नोंदी कळवण्याची व्यवस्था आहे. म्हणूनच वॉशिंग्टनमध्ये शिकून नदीपलीकडे ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये नोकरी करणारा माणूस हिशेबातून निसटत नाही. ज्या संस्थेने वर्ग घेतला तिलाच 'तुमची किती मुले लागली?' असे विचारण्याची गरज इथे उरत नाही.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की निकाल मोजायला लागले की संस्था सोपी माणसे निवडतात. ज्याला नाही तरी काम मिळाले असते त्याला प्रवेश, आणि तुरुंगातून सुटून आलेल्याला, शाळा सोडलेल्या आईला, पन्नाशीतल्या कामगाराला दरवाजा बंद. हा आक्षेप काल्पनिक नाही. १९८२ च्या कायद्याखाली याच कारणाने बोंब झाली होती, आणि नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले, की लगेच दिसणारे नोकरी-पगाराचे आकडे आणि योजनेमुळे आयुष्यात पडलेला खरा फरक यांचा संबंध कमकुवत आहे. यावर दोन उत्तरे आहेत. पहिले कायद्यातच आहे. राज्याचे उद्दिष्ट ठरवताना तिथली बेरोजगारी आणि योजनेत आलेल्या लोकांची परिस्थिती आकडेशास्त्राने विचारात घेतात, त्यामुळे कठीण माणसे घेणाऱ्याला शिक्षा होऊ नये अशी सोय आहे. शिवाय तरुणांच्या निधीतला किमान ७५ टक्के भाग शाळेबाहेरच्या मुलांवरच खर्चावा लागतो. दुसरे उत्तर वॉशिंग्टनचे, आणि ते मला जास्त पटते. तिथले मंडळ योजनेत आलेल्यांची तुलना, तशाच परिस्थितीतल्या पण योजनेत न आलेल्या लोकांशी करते आणि फरक किती ते जाहीर करते. नुसता 'इतके टक्के लागले' हा आकडा फसवू शकतो; 'योजना नसती तर किती लागले असते' हे शेजारी मांडले की तो जागेवर येतो. मोजण्यातली खोट काढायची, तर मोजणे आणखी नेटके करावे लागते.

अशा प्रामाणिक मोजमापातून न आवडणाऱ्या गोष्टीही बाहेर येतात, हे सांगायला हवे. १९८२ च्या कायद्याखालच्या योजनेची चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा प्रौढांना माफक लाभ झाल्याचे दिसले. शाळेबाहेरच्या तरुणांना जवळजवळ काहीच नाही. १९९८ च्या कायद्याच्या तशाच तपासणीत, कर्मचाऱ्याने एकेकाला बसवून केलेले मार्गदर्शन कमाई वाढवते असे आढळले, पण त्यावर प्रशिक्षणाचा पैसा दिल्याने अडीच वर्षांत आणखी भर पडली असे सिद्ध झाले नाही. ज्या देशाचा या कामावर एवढा खर्च होतो, त्याच्याच अहवालांत हे छापलेले आहे. उद्योगांचे बहुमत असलेली मंडळे स्वस्त मजूर घडवण्याचा खर्च सरकारवर ढकलतील, ही दुसरी भीतीही खरीच आहे. कामावर ठेवून शिकवणाऱ्या कंपनीला पगाराचा निम्मा आणि काही वेळा ७५ टक्क्यांपर्यंत भाग परत मिळतो. त्या भीतीवर तोडगा पुन्हा चौथ्या तिमाहीच्या नोंदीतच सापडतो. अनुदान संपताच कंपनीने माणूस काढून टाकला, तर ते त्या नोंदीत उमटते.

आपल्याकडे प्रतिनिधींची जुळवाजुळव करण्याचा प्रयोग झालेला आहे. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयसाठी उद्योगातल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समित्या नेमल्या गेल्या आणि प्रत्येकीला अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज मिळाले. जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य समित्या आहेत. क्षेत्रवार कौशल्य परिषदाही उद्योगांच्याच हाती सोपवल्या. तरीही शारदा प्रसाद समितीने या परिषदांची तपासणी केली तेव्हा नेमके हितसंबंधांच्या गुंत्यावरच बोट ठेवले. बसवले कोणाला याचा विचार झाला; मतातून दूर कोणी राहायचे आणि मोजायचे काय, हे मागे पडले. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या टप्प्यात बक्षिसाची रक्कम परीक्षा उत्तीर्ण होण्याला जोडलेली होती. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन सरकारने द्यायचे, असे ठरले. योजना तरुणांना हवीहवीशी वाटली, यात नवल नाही. पण तिचे मोल ठरवायचे तर विद्यावेतन थांबल्यानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती जण पगारावर होते, हा आकडा हवा, आणि त्याच्या शेजारी योजनेत न आलेल्या तसल्याच मुलांचा.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडे निम्म्याहून जास्त माणसे असंघटित कामात आहेत. अमेरिकेसारखी पगाराची नोंद कुठून आणायची? अडचण खरी आहे, पण पूर्ण नाही. स्वतःचा धंदा करणारे अमेरिकेच्या नोंदीतही सापडत नाहीत. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीत दर महिन्याला कामगाराच्या खाते क्रमांकासह भरणा होतो आणि कर्मचारी राज्य विमा योजनेतही नोंद असते. ज्या मुलामुलींना कारखान्यात, दवाखान्यात, गोदामात काम लागले, त्यांचा बराच भाग तिथे दिसेल. उरलेल्यांसाठी, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेशी संबंध नसलेल्या यंत्रणेने नमुना पाहणी करावी. गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या बाईची कमाई विचारल्याशिवाय कळणार नाही, मग ती विचारायला हवी. संस्थेनेच भरलेला 'प्लेसमेंट'चा तक्ता ग्राह्य धरणे मात्र बंद झाले पाहिजे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या मंडळांची आणि समित्यांची यादी, आणि त्यांच्या बैठका किंवा इतिवृत्त लोकांना खुले आहेत की नाहीत, हे स्वतःहून जाहीर करायचे असते. आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य समितीचे इतिवृत्त मागून घ्या, आणि त्यात किती जण शिकले हा आकडा सापडला तर पुढचा अर्ज किती जण वर्षभराने पगारावर होते यासाठी करा.