जुन्या फोर्डला ओव्हरड्राइव्ह : काम हाती घेण्यापूर्वी

मुंबईत विंटेज मोटारींची रॅली निघाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होते. फोटो मालकाचा निघतो. गाडी चालती करणारा मिस्त्री मात्र हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या जीपमध्ये बसलेला असतो. आजचा हा मजकूर त्या मिस्त्रीसाठी आहे.

आमच्याकडे काही गॅरेजवाल्यांनी एकच प्रश्न केला : "मालक म्हणतो, जुन्या फोर्डला ओव्हरड्राइव्ह बसवून द्या. काम घ्यावे की नाही?" प्रश्न पैशाचा आहे तसा नावाचाही आहे. असे काम बिघडले तर या छोट्या धंद्यात बातमी आठवड्यात सगळीकडे होते.

आम्ही येथे फोर्ड मॉडेल ए या गाडीपुरते बोलू. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत अमेरिकेत व इतरत्र मिळून अशा सुमारे ४८ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडेही फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये हिंदुस्थानात शाखा काढली होती व मुंबईत तिच्या गाड्या जोडल्या जात. म्हणून ही गाडी येथल्या कारागिरांना परकी नाही.

तिचे इंजिन ३.३ लिटरचे, ताकद ४० हॉर्सपॉवर आणि तीही २२०० फेऱ्यांवर. मागच्या ॲक्सलचे प्रमाण बहुतेक गाड्यांत ३.७८. हिशेब केला तर ताशी ९० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २३५० फेरे घेते. म्हणजे ताकदीचा कळस ओलांडून ते नुसते ओरडत असते. बेअरिंगे ओतीव व्हाइट मेटलची, क्रँकला तोल साधणारी वजने नाहीत, तेलही दाबाने जात नाही. पंप ते वर चढवतो, तेथून ते आपल्या वजनाने खाली उतरते व कनेक्टिंग रॉड ते उडवून घेतात. अशा इंजिनाला तासन्‌तास पळवणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला लावणे आहे.

ओव्हरड्राइव्ह बसवला की चाके तेवढीच फिरतात, इंजिन कमी फिरते. अमेरिकेत या गाडीसाठी मिळणाऱ्या संचाने फेरे साधारण पाव हिश्श्याने उतरतात. म्हणजे २३५० चे साडेसतराशेच्या आसपास. आवाज व थरथर कमी होते, बेअरिंगे टिकतात. दुसरा फायदा मालकाला ठाऊक नसतो, तो मिस्त्रीने सांगावा. या गाडीच्या तीन गिअरांपैकी दुसरा आणि तिसरा यांच्यात मोठे अंतर आहे. खंडाळ्यासारख्या चढावर तिसरा ओढत नाही आणि दुसरा ओरडतो. दुसऱ्यात ओव्हरड्राइव्ह लावला की मधला एक गिअर फुकटात मिळतो.

क्राउन-पिनियन बदलून ३.५४ चे प्रमाण करणे हा स्वस्त उपाय आहे. पण मग ते प्रमाण चढावरही कायम राहते. डोंगरात राहणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही तो सुचवणार नाही.

आता खरी मेहनत. मॉडेल ए ला आजच्यासारखा उघडा प्रॉपेलर शाफ्ट नाही. शाफ्ट एका जाड नळीत असतो. तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. ही नळी नुसते झाकण नव्हे. मागची चाके गाडीला जो धक्का देतात, तो हीच नळी पुढे पोचवते. ओव्हरड्राइव्ह तिच्या पुढच्या टोकाला बसतो, म्हणून नळी आणि आतला शाफ्ट दोन्ही त्याच्या लांबीइतके कापावे लागतात. शाफ्टवर नव्या खाचा पाडाव्या लागतात. ॲक्सल सरळ ठेवणारे दोन तिरके दांडे नळीच्या पुढच्या टोकाला बांधलेले असतात, त्यांनाही नवी जागा द्यावी लागते.

अशी एक गाडी आम्ही कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये पाहिली. काम आधी दुसरीकडे झाले होते. नळी जेमतेम पाव इंच जास्त कापली गेली होती. त्यावर वेल्डिंग एका बाजूने सलग मारल्याने ती किंचित वाकली होती. तिरके दांडे पोचेनात म्हणून तापवून ठोकलेले! ॲक्सल पुढे ओढला गेला, आडवा स्प्रिंग पिळला गेला आणि पुढचे बेअरिंग पहिल्याच सहलीत गेले. तेथल्या उस्तादांनी नळी खरादावर चढवून आम्हाला तिचा डोल दाखवला. डोळ्यांनी तो दिसत नव्हता, डायल गेजचा काटा मात्र नाचत होता. मालकाने एकाच कामाचे पैसे दोनदा मोजले.

उस्तादांची रीत अशी : कापण्याआधी युनिट, नळी व शाफ्ट जमिनीवर ओळीत मांडून माप दोघांनी वेगवेगळे घ्यायचे. दोघांचे जुळले तरच करवत चालवायची. वेल्डिंग समोरासमोरचे टाके घेत, थंड होऊ देत करायचे आणि नंतर पुन्हा खरादावर तपासायचे.

जुन्या अमेरिकन गाड्यांतला बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्हही काही जण जुळवून घेतात. त्याचे प्रमाण ०.७ च्या आसपास असते. त्यात एक खोच आहे. तो मोकळा ठेवला असता कमी वेगात गाडी इंजिनाला न धरता सायकलसारखी घरंगळते. उतारावर इंजिनाचा अटकाव मिळत नाही. मॉडेल ए चे ब्रेक हायड्रॉलिक नाहीत, दांड्यांनी ओढले जाणारे आहेत, म्हणून घाटाच्या माथ्यावर तो बंद करण्याची खीळ चालकाच्या हाताशी हवीच. खरे तर कोणताही ओव्हरड्राइव्ह बसवा, गाडी वेगाने पळू लागते आणि ब्रेक १९३१ चेच राहतात. ब्रेक नीट करून घेण्यास मालक तयार नसेल तर काम सोडून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्पीडोमीटरही पाहावा. त्याची केबल ओव्हरड्राइव्हच्या मागून घेतली तर काटा खरे बोलतो. पुढून घेतली तर गाडी धावते त्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी दाखवतो.

शेवटी कागदाची बाब. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. तिला रोजच्या वापराची मुभा नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे युनिटला जागा करण्यासाठी चॅसिसचा आडवा कापू नये, भोकही पाडू नये. अंदाजपत्रकात सुटे भाग, खराद, वेल्डिंग आणि ब्रेकचे काम वेगवेगळे लिहावे. कापण्यासाठी भंगारातली दुसरी नळी व शाफ्ट शोधावा. गाडीची मूळ नळी ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून मालकाच्या हवाली करावी आणि मिळाल्याची सही घ्यावी.