शून्य कुठे धरायचं?

जगातल्या सर्वांत उंच शिखराची गोष्ट एरवी काठमांडू किंवा दार्जिलिंगपासून सुरू होते. मी ती हिंगणघाटपासून सुरू करतो. वर्धा जिल्ह्यातल्या या कापसाच्या गावात विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. २० जानेवारी १८२३ला, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, तो इथे वारला. सत्तरीला टेकलेला हा माणूस वीस वर्षं एकच काम करत होता. हिंदुस्थान मोजत होता.

सुरुवात झाली १८०२ साली मद्रासला. शंभर फुटांची पोलादी साखळी जमिनीवर पुन्हा पुन्हा अंथरून त्याने सुमारे बारा किलोमीटरची एक रेघ मोजली. उन्हाने पोलाद लांबतं म्हणून साखळीवर सावली धरायची, शेजारी थर्मामीटर ठेवायचे, तापमान बघून आकडा दुरुस्त करायचा. एवढ्या एका रेघेला जवळजवळ दोन महिने लागले. पण ती एकदा पक्की झाली की पुढे साखळीचं काम फारसं उरत नाही. रेघेच्या दोन टोकांवरून लांबची टेकडी बघायची, कोन मोजायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या. मग त्या बाजूंवर नवे त्रिकोण. शाळेत ज्या त्रिकोणमितीला आपण शिव्या घातल्या, तिनेच अख्खा देश विणून काढला.

कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्ब्टनचं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं होतं. सपाट मुलखात टेकडी मिळेना तेव्हा तो ते देवळांच्या गोपुरांवर चढवायचा. १८०८मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून परत गेला असता. लॅम्ब्टन तंबूत बसला आणि वाकलेलं वर्तुळ कित्येक आठवडे ठोकून, ओढून त्याने जागेवर आणलं.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ही त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि १८४३मध्ये निवृत्ती घेतली. ज्या शिखराला पुढे त्याचं नाव मिळालं ते मोजण्यात त्याचा हात नव्हता, आणि हे नाव त्याला स्वतःलाही पसंत नव्हतं. शिखर मोजलं गेलं ते त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉच्या काळात. नेपाळची सरहद्द बंद होती. त्यामुळे १८४९-५०च्या सुमारास तराईतल्या सहा ठाण्यांवरून निरीक्षणं घ्यावी लागली, तीही पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहून लांबून. ढग हटले आणि टोक दिसलं की कोन मोजायचा. वहीत त्याचं नाव होतं फक्त ‘शिखर पंधरावं’.

आकडेमोड कलकत्त्याच्या राधानाथ सिकदारांकडे होती. अडचण अशी की इतक्या अंतरावरून येणारा प्रकाश हवेतून सरळ येत नाही, वाकून येतो, आणि शिखर आहे त्याहून उंच दिसतं. किती वाकला हे ठरवण्यातच खरी कसोटी होती. १८५२मध्ये हे शिखर सर्वांत उंच असल्याचं ध्यानात आलं, १८५६मध्ये आकडा जाहीर झाला : २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर. उत्तर नेमकं २९,००० आलं होतं, पण लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून वर दोन फूट ठेवले, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. आजच्या ८,८४८.८६ मीटरशी ताडून बघा. तराईत मलेरिया अंगावर घेत, पावणेदोनशे किलोमीटरवरून मोजूनही फरक फक्त नऊ मीटरच्या आसपास. मला विचाराल तर शिखर सर करण्याइतकंच हे मोठं आहे.

त्याआधी पहिला मान कांचनजंगाचा (८,५८६ मीटर) समजला जाई, त्याआधी धौलागिरीचा, आणि त्याच्याही आधी दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचा. लॅम्ब्टन मद्रासला साखळी अंथरत होता त्याच वर्षी, जून १८०२मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट जगातलं सर्वांत उंच शिखर समजून चिंबोराझो चढत होता. माथ्यापर्यंत तो पोचला नाही.

या चिंबोराझोने आणखी एक गोष्ट शिकवली होती. १७३८ साली बूगे आणि ला कोंदामीन या फ्रेंचांनी त्याच्या कुशीत ओळंबा धरून पाहिला. गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा. डोंगराचं वस्तुमान त्याला किंचित आपल्याकडे ओढतं, असं दिसलं. मग हिमालयाने केवढं ओढावं? उत्तरेतलं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांनी एक येत होतं आणि ताऱ्यांवरून दुसरं. तफावत कोनाच्या सव्वापाच सेकंदांची. आर्चडीकन प्रॅटने हिशेब केला, तर हिमालयाच्या ओढीने ती जवळजवळ सोळा सेकंद यायला हवी होती! म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ‘जड’ नव्हता. १८५५मध्ये जॉर्ज एअरीने याचा उलगडा केला : डोंगराला खाली खोलवर हलक्या खडकाचं मूळ असतं, आणि पाण्यावर ओंडका तरंगतो तसा तो खालच्या जड थरावर तरंगतो. साध्या ओळंब्यातून पृथ्वीच्या पोटातली गोष्ट बाहेर आली.

आता खरा प्रश्न. ८,८४८ मीटर, पण कुठून? समुद्रसपाटीपासून, असं आपण पटकन म्हणतो. पण समुद्रसुद्धा सगळीकडे एका पातळीत नसतो. १९०९ साली भारताची समुद्रसपाटी ठरली ती मुंबई, कारवार, मद्रास यांसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. हिमालयाखाली तर समुद्रच नाही, तिथे तो आहे असं गणिताने धरावं लागतं. शून्य ठरलं तरी वरचं टोक उरतंच : खडक धरायचा की त्यावरचा बर्फ? चीनने २००५मध्ये खडकापर्यंतची उंची दिली, ८,८४४.४३ मीटर. नेपाळ आणि चीनने २०२०मध्ये मिळून जाहीर केलेल्या आकड्यात बर्फ धरलेला आहे.

शून्य हलवलं की क्रमवारी बदलते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, म्हणून केंद्रापासून मोजलं तर ६,२६३ मीटरचा चिंबोराझो एव्हरेस्टला सुमारे दोन किलोमीटरने मागे टाकतो. हवाईचा मौना केआ समुद्रावर ४,२०७ मीटरच दिसतो, पण समुद्रतळापासून मोजाल तर दहा हजारांच्या वर जातो. आणि डोळ्यांना जी उंची भिडते, ती पायथ्यापासूनची. नंगा पर्वताची रूपल बाजू सुमारे ४,६०० मीटर सरळ उठते. एव्हरेस्ट मात्र आधीच उंच असलेल्या पठाराच्या खांद्यावर उभा आहे. भव्यता बघायची तर माझं मत नंगा पर्वताला.

तरीही समुद्रसपाटीच्या हिशेबात आशियाला तोड नाही. अँडीज सुमारे सात हजार किलोमीटर लांब, पण तिचं सर्वोच्च अकोंकाग्वा ६,९६१ मीटरवर थांबतं. आठ हजारांवरची चौदाही शिखरं हिमालय आणि काराकोरममध्येच, के-टू (८,६११) धरून. अँडीजच्या खाली समुद्रतळ सरकून जातो. इथे मात्र खंडाला खंड भिडलं, आणि दोन्हींपैकी कोणी मुकाट्याने खाली जाईना. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडक आहे, त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत.

आपल्या सह्याद्रीची गोष्ट वेगळी. तो टकरीतून उठलेला नाही. लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि पावसाने कोरून जे शिल्लक ठेवलं, त्यातलं सर्वांत उंच म्हणजे १,६४६ मीटरची कळसूबाई. नवरात्रात लोखंडी शिड्यांवरून देवीला जाणारी पायथ्याच्या बारी गावाची माणसं अर्थातच इतकी चढत नाहीत. गाव समुद्रावर थोडंच आहे!

जॉर्ज एव्हरेस्टला शिखर मिळालं. राधानाथ सिकदारांवर २००४ साली भारताने टपाल तिकीट काढलं. लॅम्ब्टनच्या वाट्याला आली ती हिंगणघाटची माती. नागपूर-हैदराबाद रस्त्याने कधी गेलात तर तिथे दहा मिनिटं थांबा, आणि त्याची कबर कुठे आहे ते विचारा.