डेमलोची संख्या

मंडळी, ज्याचे अर्धे आयुष्य गेटसभांत गेले त्याने गणितावर बोलावे, याचे मुळशीकरांना नवल वाटेल. पण आकड्यांशी आमची ओळख जुनी आहे. ती पगारपत्रकावरून झाली.

आजची संख्या अशी: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. सतरा अंकी, पण पाठ करायला कष्ट नाहीत. नवापर्यंत जिना चढायचा आणि तसाच उतरायचा. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना 'डेमलो' म्हटले. ही कल्पना त्यांना ज्या स्टेशनावर सुचली ते डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे का होते? कागदावर गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करताना कडेच्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, मधल्या घरात पुरे नऊ. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि जिना ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता तिचे अंक मिळवा. बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिले. इथे कारण सोपे आहे. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो. भागाकार १२३४५६७९, त्यात आठ गायब! वर्गात ती संख्या दोनदा येते, म्हणून नऊ नवे एक्याऐंशी.

कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे विद्वान पुष्कळ निघाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. मास्तर १९६२ सालीच निवृत्त झाले होते.

पोरखेळ म्हणाल, तर ऐका. एका कारखान्यात आमच्या एका गड्याच्या पत्रकावर २६ दिवस, रोज १४५ रुपये, एकूण ३६७० असे लिहिले होते. गडी चौथीत शाळा सोडलेला. पण नवाचा ताळा त्याला येत होता. २६ चे आठ, १४५ चे दहा म्हणजे एक, गुणाकार आठ. ३६७० चे सोळा, म्हणजे सात. जमेना! खरी रक्कम ३७७०. कारकुनाने मुकाट्याने शंभर रुपये वाढवले.

मात्र त्याने चुकून ३७०७ लिहिले असते, तर ताळा आठच आला असता आणि त्रेसष्ट रुपये गेले असते.