यंत्रांना चालविणारे यंत्र व त्याची माणसे

तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या आगगाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगाव या बाजूंची कित्येक कुटुंबे सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यामुळे यंत्रमाग आणि रंगाईच्या गिरण्या हा आमच्या घरांतील रोजच्या बोलण्याचा विषय होय. त्याच घरांतील काही तरुण आता निराळ्या कामावर जातात. कापड विणावयाचे नाही, रंगवावयाचेही नाही. ते करणारी यंत्रे आपोआप चालतील अशी व्यवस्था करावयाची. यास औद्योगिक स्वयंचलन म्हणतात.

सुरतेचे कापड मुख्यतः पॉलिएस्टरचे. साध्या उकळत्या पाण्यात त्यावर गडद रंग नीट चढत नाही. म्हणून ते बंद पात्रात घालून, दाबाखाली, पाणी सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. उष्णता घाईने वाढविली तर रंग कोठे जास्त, कोठे कमी बसतो. जेथे हे काम हाताने चाले तेथे रंगाऱ्यास तापमापकावर डोळे ठेवून वाफेची झडप जराजराशी उघडावी लागे. रात्रपाळीत पहाटे डोळा लागला की ताग्यांचे नुकसान ठरलेलेच! आता पात्रातील संवेदक उष्णता मोजून नियंत्रकास कळवितो. नियंत्रक ती ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि झडपेस हुकूम सोडतो. हा फेरा एका सेकंदात अनेकदा होतो.

असा नियंत्रक प्रथम अमेरिकेत निघाला. मोटारीचा नमुना बदलला की कारखान्यातील शेकडो रिलेंची जोडणी नव्याने करावी लागे. ही कटकट टाळण्यासाठी जनरल मोटर्स कंपनीने १९६८ साली नवे साधन मागितले. रिचर्ड मॉर्ले व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेल्या यंत्राचे नाव ‘मोडिकॉन ०८४’. त्यांच्या मंडळींचे ते ८४ वे काम, एवढाच त्या आकड्याचा अर्थ!

कंपनीत नवा माणूस प्रथम पॅनेल जोडावयास शिकतो. प्रत्येक तारेच्या टोकास क्रमांक घालावयाचा, प्रत्येक स्क्रू घट्ट आवळावयाचा. हे काम कंटाळवाणे खरे; परंतु त्याचे मोल गिरणीत गेल्यावर कळते. तेथे ओल, वाफ आणि गोंगाट. यंत्र अडले की मालकाचा निरोप मध्यरात्रीही येतो, आणि पुष्कळदा सारी रात्र एक सैल तार शोधण्यात जाते.

दुसरी अडचण माणसांची आहे. संवेदकावर मळ साचला तर तो चुकीचा आकडा सांगतो. जुन्या रंगाऱ्यास मात्र पंपाच्या आवाजावरून काही बिघडल्याचे कळते. हे ज्ञान त्याच्याकडून घेतल्यावाचून नियंत्रकाचा कार्यक्रम चांगला होत नाही. पण आपण सांगितले की चार यंत्रांवर एकच माणूस पुरेल, हेही त्यास ठाऊक असते. म्हणून तो गप्प राहतो. त्यास हटवादी म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यालाच नव्या यंत्राचे शिक्षण मिळावे आणि पडद्यावरील सूचना त्यास वाचता येईल अशा भाषेत असाव्यात, म्हणजे त्याची भीती पुष्कळ कमी होईल.

या नोकरीतील सर्वांत कठीण प्रसंग झाकणाचा. दाब उतरून पाणी पुरेसे निवेपर्यंत पात्राचे झाकण उघडू नये, अशी अटक यंत्रातच बसविलेली असते. त्यात वेळ जातो. तेव्हा कोणी म्हणतो, “एक तार जोडून ही अटक काढून टाका.” काम दोन मिनिटांचे, आणि सांगणारा ग्राहक. पण झाकणापुढे उभा राहणारा रंगारी कदाचित आपल्याच गल्लीतला असतो. जाणता कर्मचारी नकार देतो, ती मागणी कामाच्या वहीत लिहितो आणि खाली गिरणीच्या अधिकाऱ्याची सही घेतो.